डासांचा वाटा

“दादा, खड्डे खणाले सब्बल रिकामी आहे का?”

बाबांचे धाकटे भाऊ सेवककाका कुंपणापाशी उभे होते. खांद्यावर दोन हिरवे बांबू, तोंडात दातवण. बाबा घरापुढच्या छपरीत बसून दोर वळत होते. वैशाखाचं ऊन सकाळीच अंगणभर झालं होतं.

“सब्बल रिकामीच आहे,” बाबा म्हणाले. “तूच कधी रिकामा दिसत नाहीस.”

“कसा राहू? तुझी लेक नांदवाची आहे मले.” काकांनी बांबू कुंपणाला टेकवले. “व्याही झालो ना जी आता आपण. लेक दिली तुम्ही, हुंडा नाई देल्ला. निदान मांडव टाकाले तरी या.”

लेक म्हणजे आमच्याकडची पांढरी डुकरीण. बाबांनी चैत्रात तिला काकांकडे दिली होती. त्या वर्षात बाबांना मी हसताना पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

“येतो,” ते म्हणाले. “कधी गाडतो कोठ्याच्या मेढी?”

“उद्या सकाळी. छपरीले लागूनच बांधतो कोठा. आमच्या पायलच्या खाटेच्या उशाशी. रोवणा सुरू झाला का डास पोट्टीले फोडून काढते ना. तुझ्या लहानीच्या अंगावर मागच्या साली एक फोड नव्हता रायला...”

बोलता बोलता काका थांबले. त्यांनी दातवण तोंडातून काढलं आणि बाजूला वळून थुंकले.

“हौ,” बाबा म्हणाले. “उद्या येतो.”

आत आई सुपात तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला होता. काका बांबू उचलून गेले, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला.

मित्रा माझी धाकटी बहीण. आदल्या वर्षी भादव्यात ती मेंदूच्या तापानं गेली. तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि मी बारावीत होते.

आमचं गाव गोंदियाकडचं, तलावाच्या पाळीखालचं. पाऊस लागला की शेताच्या बांध्यांत पाणी भरायचं, धानाच्या रोपांचा रोवणा व्हायचा आणि दिवाळीनंतर धान कापेपर्यंत घराच्या तिन्ही बाजूंना पाणीच पाणी. त्या पाण्यावर बगळे उतरायचे आणि संध्याकाळी त्यातून डास उठायचे. आमच्या वस्तीनं डुकरं सोडून दोन पिढ्या झाल्या होत्या. ज्या कामावरून लोक नावं ठेवायचे, ते काम पुन्हा नको, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. बाबांनी तालुक्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि पांढरी डुकरं आणली, तेव्हा सख्ख्या आत्यानं आमच्याकडे पाणी पिणं बंद केलं. बाबा म्हणाले, “शरम कामाची नसते, घाणीची असते. माझा कोठा पाहा आणि तुमची मोरी पाहा.” कोठा खरोखर स्वच्छ असायचा. हळूहळू लोक विचारायला येऊ लागले. कोणाचं जनावर अडलं, कोणाच्या पिलांना हगवण लागली, की बाबांना बोलावणं यायचं. आत्याही पुन्हा पाणी प्यायली.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. पावसाळ्यात लेकरांच्या खाटेजवळ बैल बांधायचा. डासांना त्यांचा वाटा जनावराकडून मिळाला की ते माणसाकडे येत नाहीत, असं म्हणत. माझे आजोबा म्हशीजवळ झोपत आणि त्यांना कधी हिवताप आला नाही, हे सगळी वस्ती सांगायची. आमच्याकडे तेव्हा बैल नव्हता. मित्राची कातडी नाजूक होती. डास चावले की फोड यायचे, ती खाजवायची, फोड चिघळायचे. आषाढात बाबांनी पाळीजवळचा कोठा मोडला आणि मेढी आणून छपरीला लागून नवा बांधला, मित्राच्या खाटेच्या उशाशी. मध्ये फक्त बांबूचा तट्टा होता. मित्रा तट्ट्याच्या फटीतून डुकरिणीच्या कानाला काडी लावायची.

आणि फोड गेले. ते सगळ्या वस्तीनं पाहिलं.

श्रावणात एका डुकरिणीला मेलेली पिलं झाली. बाबांनी ती पाळीखाली पुरली आणि उकाड्यानं असं होतं म्हणाले. भादव्यात मित्राला ताप आला. दुसऱ्या दिवशी ती आईला ओळखेना, झटके यायला लागले. तालुक्याच्या दवाखान्यातून आम्हाला नागपूरला पाठवलं.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. बाबा बाहेर औषधं आणायला गेले होते. तिनं आईला विचारलं, “घराजवळ डुकरं आहेत का?”

“आहेत ना बाई,” आई म्हणाली. “पोरीच्या उशाशीच बांधली.”

आईनं ते जरा अभिमानानं सांगितलं. तिला वाटलं, डासांचा काही बंदोबस्त केला होता का असं डॉक्टरीण विचारते आहे.

डॉक्टरिणीनं हातातले कागद खाली ठेवले. मग तिनं आम्हाला बाकावर बसवलं आणि सांगितलं. हा ताप बगळ्यांकडून डासात येतो, डासाकडून डुकरात. डुकराला काही होत नाही, ते खातं-पितं, लठ्ठ दिसतं. पण त्याच्या रक्तात तो खूप वाढतो. एखादी गाभण डुकरीण मेलेली पिलं टाकते, तेवढीच खूण. मग त्याला चावलेले डास माणसाला चावतात. मोठ्यांचं बहुतेक निभावतं. लहान लेकरांचं निभावत नाही.

“बैल असता तर?” मी विचारलं.

“बैलात तो असा वाढत नाही.”

“पण तिले डास कमी चावत होते,” आई म्हणाली. “फोडसुद्धा गेले होते.”

“कमी चावले असतील,” डॉक्टरीण म्हणाली. “पण जे चावले, ते डुकरावरून उठून आले.”

दुसऱ्या दिवशी मित्रा गेली.

गावाला परतताना गाडीत बाबा पुढे बसले होते, मांडीवर तिला घेऊन. आई माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “ते डॉक्टरणीचं यांले कधीच सांगू नको. माझ्या गळ्याची शपथ आहे तुले.”

मी सांगितलं नाही. बाबांनीही, डॉक्टरीण काय म्हणाली, असं आम्हाला कधी विचारलं नाही. आईला तेच बरं वाटायचं. बाबांनी पुष्कळ दिवस धड अन्न घेतलं नाही. कोठ्यात जाऊन उभे राहत आणि पिलांकडे पाहत. आईनं दोनदा सुचवून पाहिलं, वास येतो, कोठा लांब न्या. ते म्हणाले, “आता कोणासाठी नेऊ?” तिसऱ्यांदा तिनं विषय काढला नाही. पण त्याच महिन्यात बाजारातून येताना त्यांनी दोन मच्छरदाण्या आणल्या, एक आईला, एक मला. स्वतः ते उघड्यावर निजायचे, मित्राच्या खाटेवर.

सेवककाका सांगून गेले त्या दुपारी मी बोरिंगवर आईला गाठलं. ती दांडा मारत होती, मी घागर धरली होती.

“आई, काकांना सांगायला पाहिजे.”

“काय?”

“काय ते तुला ठाऊक आहे.”

तिनं दांडा सोडला नाही. “सेवकभाऊजीले सांगशील, तर ते संध्याकाळपर्यंत तुझ्या बापाले सांगतील. त्यांच्या पोटात पाणी राहते का?”

“मग बाबांनाच सांग.”

“उत्पला.” ती माझं पूर्ण नाव क्वचित घ्यायची. “आपल्या हातानं आपली पोर मारली, हे माणसाले सांगाचं कसं? तू सांग बरं. तू लय पुस्तकं वाचतेस. कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे?”

“आणि पायल?”

घागर भरून पाणी बाहेर वाहू लागलं होतं. आई ते पाहत राहिली.

“आत्ता कुठं ते दोन घास पोटभर खाऊन रायले,” ती म्हणाली. “आज पहिल्यांदा तोंडावर जरा हसू दिसलं. पाहिलं ना तू?”

“पाहिलं.”

“मंग?”

“पायल चार वर्षांची आहे, आई.”

“मले ठाऊक आहे ती कितीची आहे. मीच बाळंतपण केलं तिच्या मायचं.” तिनं घागर उचलून कमरेवर घेतली. “शपथ आहे माझी. मोडाची असेल तर मोड. मंग मले माय म्हणू नको.”

मी तशीच काकांच्या घरी गेले. शपथ बाबांना न सांगण्याची होती, कुंदाकाकूला न सांगण्याची नव्हती, असा एक मार्ग मी चालता चालता काढला होता. पण काकूला खरं सांगितलं तर ती ते काकांना सांगणार आणि काका बाबांना. म्हणून मी अर्धंच सांगायचं ठरवलं.

कुंदाकाकू मोहाची फुलं वाळत घालत होती. पायल फुलांच्या ढिगाच्या कडेला बसून एकेक फूल उचलत होती आणि वास घेऊन पुन्हा ठेवत होती.

“काकू, कोठा मागच्या अंगाला बांधा ना. बोडीच्या पाण्याकडे.”

“काऊन व?”

“डुकरं उशाशी नसावीत. मी वाचलं आहे. रोग येतात.”

“कोणते रोग?”

“तापाचे.”

काकू हसली. “तुझ्या घरची डुकरीण आहे, अन् तूच म्हणतेस रोग येते. व्याहीणबाई, लेकीले नावं ठेवता का?”

“मस्करी नाही करत मी.”

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात पुसले. “अव, माझ्या सांगण्यानं होते का ते? हे तर भासऱ्यांच्या शब्दाबाहेर पाय नाई टाकत. ‘दादा म्हणाला’, म्हणजे झालं. त्यांनी स्वतःच्या पोरीच्या उशाशी बांधला होता, काही इचार करूनच बांधला असेल ना.” मग आवाज खाली करून ती म्हणाली, “मी काही त्यांच्याशी बोलू शकत नाई. तूच सांग तुझ्या बाबाले. ते म्हणाले का लांब बांध, तर हे तलावाच्या पलीकडे नेऊन बांधतील.”

ते खरं होतं. काकू लग्न होऊन आली तेव्हापासून बाबांसमोर कधी उभी राहिली नव्हती. धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही, अशी आमच्याकडची रीत. बाबा दारात आले की ती पदर ओढून आत जायची. चहा द्यायचा तर पायलच्या हाती द्यायची. तिचा आवाज बाबांनी ऐकला असेल तो भिंतीपलीकडून.

संध्याकाळी बाबा डुकरांना कोंडा कालवत होते. मी बादली धरली. तिथं उभं राहून मी एवढंच म्हणाले, “बाबा, काकांचा कोठा थोडा लांब बांधला तर?”

त्यांचा हात कोंड्यात होता. तो फिरत राहिला.

“काऊन?”

“असंच. घर लहान आहे त्यांचं.”

“त्याचं घर, त्याची जागा,” ते म्हणाले. “तुझा निकाल कधी आहे?”

मी निकालाची तारीख सांगितली. ते म्हणाले, नागपूरला शिकायला जायचं असेल तर आत्तापासून ठरव. आणखी काही म्हणाले, पण ते मला आता आठवत नाही. ते बोलत असताना तट्ट्यापलीकडे मित्राची खाट दिसत होती. त्यावर त्यांची चादर घडी करून ठेवलेली होती.

सकाळी बाबा सब्बल घेऊन निघाले. मी त्यांच्या मागोमाग गेले. काय करणार, ते मला ठाऊक नव्हतं. काही तरी होईल असं वाटत होतं. जमीन कडक निघेल, बांबू कमी पडतील, काका स्वतःच विचार बदलतील.

काकांनी जागा झाडून ठेवली होती. छपरीत पायल खाटेवर पाय हलवत बसली होती. तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, काकांनी काडीनं मातीत रेघ ओढली.

“इथून इथपर्यंत,” ते म्हणाले. “बरोबर आहे का?”

बाबा रेघेकडे पाहत उभे राहिले.

“तू सांग ना दादा. तुझं शिक्षण झालं आहे यातलं, मी का सांगू?”

“तुझं घर आहे,” बाबा म्हणाले. “तुले जसं पटते तसं.”

“मले काय पटते? मले तू सांगतो ते पटते. आणखी जवळ घेऊ का? खाटेले लागूनच?”

“नको.”

“मंग इथंच?”

बाबांनी सब्बल दोन्ही हातांनी उचलली आणि रेघेच्या टोकावर मारली. माती कोरडी होती. सब्बल बोटभर आत गेली. त्यांनी पुन्हा मारली. काकांनी तांब्यानं पाणी ओतलं, माती मऊ व्हायला. पायल खाटेवरून वाकून खड्डा पाहत होती.

“डुकरीण इथं झोपणार?” तिनं विचारलं.

“हौ,” काका म्हणाले. “तुझी बहीण आहे ते. मोठेबाबानं दिली.”

खड्डा अर्ध्या हाताचा झाला असेल, तेव्हा आई आली.

मित्रा गेल्यापासून आई कोणाच्या घरी गेली नव्हती. बोरिंग आणि घर, एवढंच. तिला पाहून काका उठून उभे राहिले. कुंदाकाकू दारात आली होती, बाबा अंगणात असल्यामुळे पदर ओढून, दाराआड.

“या वहिनी. बसा. चहा टाकते कुंदा.”

“भाऊजी, तिथं नका बांधू,” आई म्हणाली.

“काऊन वहिनी?”

“वास येते. घराले लागून वास येते.”

“वासाचं काय? तुमच्या घरी आलो तर मले नाई येत.” काका हसले. “सवय होते माणसाले.”

आई बाबांकडे पाहत नव्हती. ती खाटेकडे पाहत होती. पायलनं तिच्याकडे हात पसरले, आईनं तिला घेतलं नाही.

“वास नाई,” आई म्हणाली. “डुकराले चावलेला डास लेकराले चावला, का ताप डोक्यात जाते. डुकराले काही होत नाई. लेकरू जाते. नागपूरच्या डॉक्टरणीनं सांगतलं मले. मित्रा तशीच गेली.”

तिनं ते एका दमात सांगितलं, पाठ केलेलं सांगावं तसं. आणि मग तिनं डोळे मिटले. ती काय ऐकायला तयार झाली होती, ते मला ठाऊक होतं, कारण मीही तेच ऐकायला तयार होते. सब्बल पडल्याचा आवाज, बाबा पडल्याचा आवाज, एखादा हुंदका.

काहीच ऐकू आलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते सब्बलीच्या टोकाला लागलेली ओली माती अंगठ्यानं पुसत होते. टोक स्वच्छ झालं, तरी पुसत होते.

सेवककाका त्यांच्याकडे पाहत होते. “दादा?” ते म्हणाले. “वहिनी काय म्हणते?”

आईनं डोळे उघडले. तिनं बाबांना पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. मग ती अगदी सावकाश म्हणाली, “तुमाले माहीत होतं.”

बाबांचा अंगठा टोकावरच थांबला.

“कधीपासून?”

“पहिल्याच दिवशी इचारलं होतं तिथल्या दुसऱ्या डॉक्टरनं मले,” ते म्हणाले. “दाखल करतानाच. कुठं राहता, घराजवळ काय आहे. मी सांगतलं. त्यानं मंग सारं सांगतलं.”

“पहिल्या दिवशी.”

“हौ.”

“अन् इतके महिने मी तुमच्यापासून लपवत रायली,” आई म्हणाली. “तुमी मोडून पडान म्हणून. पोरीले शपथ घातली माझ्या गळ्याची. अन् तुमी आत्ता इथं सब्बल मारून रायले होते.”

“मी काय करू मंग?” बाबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. समजावून सांगावं तसं म्हणाले. “नको म्हटलं असतं, तर सेवकानं इचारलं असतं काऊन. आपला कोठा हलवला असता, तर तू इचारलं असतं काऊन. एकदा सांगतलं का साऱ्या गावाले झालं असतं. तुले कळलं असतं.”

“मले.”

“हौ. तुले.”

काकांच्या हातातला तांब्या तिरका झाला होता आणि पाणी त्यांच्या पायावर पडत होतं.

तेव्हा कुंदाकाकू दारातून बाहेर आली. तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि तिनं तो सावरला नाही. तिनं पायलला खाटेवरून उचलून कडेवर घेतलं आणि ती बाबांसमोर येऊन उभी राहिली. त्यांना काय म्हणून हाक मारायची, हेही तिला ठाऊक नसावं. इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती. तिनं हाक न मारताच विचारलं.

“माझी पोर गेली असती, तर तिच्या मातीले आले असते तुमी?”

“कुंदा,” काका म्हणाले.

“मी त्यांले इचारते.”

बाबांनी मान वर केली. मला वाटतं त्यांनी तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

“आलो असतो,” ते म्हणाले.

काकूनं मान हलवली. जणू तिला तेवढंच पाहिजे होतं. ती पायलला घेऊन आत गेली. आई वळली आणि घराकडे चालू लागली. काकांनी तांब्या खाली ठेवला, पायानं खड्ड्यात माती लोटली आणि ती दाबली.

“सब्बल ठेवून जा दादा,” ते म्हणाले. “पलीकडं लागन मले. बोडीजवळ.”

बाबांनी सब्बल भिंतीला टेकवली. घरी येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. घरी आई छपरीतला तट्टा सोडवत होती. दोर सुटेना, तेव्हा तिनं विळ्यानं कापला. बाबा पुढे झाले, तर ती म्हणाली, “उत्पला, त्यांले म्हण, बसा.”

मी म्हणाले, “बाबा, बसा.”

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी थेट बोलली नाही. भांडण नव्हतं. जेवण वेळेवर होतं, त्यांचे कपडे धुतलेले असत, आजारात तिनं त्यांचं सगळं केलं. फक्त जे सांगायचं ते माझ्यामार्फत, मी शिकायला गेल्यावर भिंतीकडे तोंड करून. ‘कोणी जेवणार असेल तर ताट वाढलं आहे.’ सुट्टीत घरी आले की मला ते ऐकावं लागे.

पावसाळ्याच्या आत वस्तीतले सगळे कोठे तलावाच्या पलीकडे गेले. कुंदाकाकूनं त्या सकाळचं सगळं सांगितलं होतं, शब्द न बदलता, आणि डॉक्टरिणीचं बाकीचं मी. श्रावणात तालुक्याची आरोग्याची माणसं आली. कोठे लांब, लेकरांवर मच्छरदाण्या, मेलेली पिलं झाली तर काय समजायचं तेही बायकांना ठाऊक. त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं? सेवककाकांनी बाबांकडे बोट दाखवलं. त्यांनी ते कशासाठी दाखवलं, हे मी त्यांना नंतर कधी विचारलं नाही. त्यांच्यातल्या साहेबांनी बाबांशी हात मिळवला.

तिथून बाबा शिबिरांना जाऊ लागले. डुकरं पाळणाऱ्यांचं शिबिर असलं की त्यांना बोलावणं यायचं, आधी तालुक्यात, मग जिल्ह्याबाहेरही. ते चांगलं बोलायचे. मोठमोठ्या डॉक्टरांचं जे लोकांच्या डोक्यावरून जाई, ते बाबा सांगत तेव्हा कळे. गेल्या फाल्गुनात ते गेले, तेव्हा शोकसभेला बाहेरगावचे लोकही आले होते. एकजण म्हणाला, शालिकभाऊंनी किती लेकरं वाचवली त्याला मोजमाप नाही. ते खरंच आहे. मी हिशेब केला तर मलाही ते मान्य करावं लागेल. आई आणि कुंदाकाकू भिंतीशी बसल्या होत्या. दोघींनी माना खाली घातल्या होत्या, बाकी बायकांसारख्याच. पायल तिच्या बाळाला पाजायला आत गेली होती.

मला ते आठवतात तेव्हा बहुतेक वेळा आजारातले आठवतात, हात हातात घेतला की बोटं घट्ट धरणारे. मला त्यांची आठवण येते आणि राग येतो, आणि या दोन्ही गोष्टी वेगळ्या वेळी येत नाहीत.

त्यांच्या एकाच शिबिराला मी गेले होते. मी तेव्हा आमच्या गावापासून दूर एका शाळेत शिकवत होते आणि शिबिर शाळेच्याच पटांगणात होतं. मी आले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी मागच्या बाजूला, बायकांच्या पाठीमागे उभी राहिले.

बाबा टेबलाशी उभे होते. त्यांनी बगळ्यांपासून सुरुवात केली, मग धानाचं पाणी, मग डास. डुक्कर धट्टंकट्टं दिसतं म्हणून फसू नका, म्हणाले. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, “एका गावात एक माणूस होता. त्यानं आपल्या पोरीले डास चावू नये म्हणून कोठा तिच्या उशाशी बांधला. बैल बांधतात ना, तसा. पोर गेली. त्याले कोणी सांगतलं नव्हतं. तुमाले मी सांगून रायलो.”

बायका चुकचुकल्या. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “त्या माणसाचं पुढं काय झालं जी?”

बाबांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“जगला,” ते म्हणाले, आणि आणखी कोणाला काही विचारायचं आहे का, म्हणून पाहू लागले.